पाटण्याचं शहामृग

खानदेशात शहामृगं होती. कुणा राजाने आफ्रिकेतून हौसेने आणवलेली नव्हेत. इथलंच गवत खाणारी, इथल्याच मातीत खळगा करून अंडी घालणारी, धोक्याची चाहूल लागताच मोकळ्या माळावरून सुसाट सुटणारी. त्यांचा पुरावा जळगाव जिल्ह्यात मिळाला आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणे नावाचं गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना तो टापू चांगला ठाऊक असतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तिथे उत्खनन केलं. पुढे दायमाबादच्या उत्खननासाठी साळींचं नाव सर्वत्र झालं. पण धुळे-जळगावच्या नदीखोऱ्यांमध्ये अश्मयुगाचा माग काढत त्यांनी केलेली पायपीट मला तितकीच मोलाची वाटते. पाटण्याला त्यांना मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकावर एक, सलग मिळाले. दगडी पाती होती, तासण्या होत्या, बारीक सूक्ष्मास्त्रं होती. आणि त्यांच्या सोबत होते शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे. रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचा काळ निघाला सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा.

एका कवचाच्या तुकड्यावरून पक्षी ओळखायचा, हीच मुळात थक्क करणारी गोष्ट आहे. त्याहून थक्क करणारं हे, की पाठीचा कणा असलेला एक अख्खा प्राणी कसा जगत होता, काय खात होता, कसा धावत होता आणि कोणत्या वंशातून आला, हे सगळं या तुकड्याचं बोट धरून शोधता येतं.

आधी हे पाहू, की हाडांचं सोडून कवचाचं का बोलायचं. आपली काळी माती कपाशीला जितकी मानवते तितकी हाडांना मानवत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या या उलाढालीत पुरलेलं हाड सरकतं, तडकतं, भुगा होतं. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या जुन्या पिवळसर गाळाची गोष्ट वेगळी. त्यात चुन्याचं प्रमाण भरपूर. कंकराचे खडे जागोजाग दिसतात. शहामृगाचं कवच जवळपास पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे चुन्याच्याच जातीचं. चुनखड गाळात ते विरघळत नाही. पक्ष्याचं हाड पोकळ आणि नाजूक असतं; कवच मात्र दोन मिलिमीटर जाड आणि दगडासारखं टणक. त्यामुळे पक्षी गेला तरी कवच मागे राहतं. भारतात राजस्थान आणि मध्य प्रदेशात कितीतरी ठिकाणी असे तुकडे मिळालेत. महाराष्ट्रात या बाबतीत पाटण्याचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागतं.

आता तो तुकडा भिंगाखाली धरू. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि किंचित चमकदार असतो. त्यावर मधूनमधून टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसतात आणि प्रत्येक खळग्यात बारीक छिद्रांचा पुंजका. या पुंजक्यांची मांडणी म्हणजे शहामृगाची सही म्हणा. दुसऱ्या कुळातल्या मोठ्या पक्ष्यांच्या कवचावर ही छिद्रं लांबट चिरांसारखी येतात. तुकडा आडवा मोडून त्याची कड पाहिली तर आत थर दिसतात. सगळ्यात आत शंकूंची रांग, त्यावर उभ्या स्फटिकांचा जाड थर आणि वर अगदी पातळ आवरण. कवच वाढायला सुरुवात होते ती शंकूंच्या टोकांपासून. मादीच्या शरीरात अंड्याभोवतीच्या पापुद्र्यावर प्रथिनांचे ठिपके तयार होतात. त्या प्रत्येक ठिपक्यावर कॅल्साइटचा स्फटिक धरतो आणि बाहेरच्या बाजूने वाढत शेजाऱ्याला भिडतो.

ती छिद्रं कशासाठी? आतल्या पिल्लाला श्वास घ्यायचा असतो. ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. छिद्रं फार असती तर अंडं सुकून गेलं असतं. फार थोडी असती तर पिल्लू गुदमरलं असतं. दीड किलोच्या आसपास वजनाचं अंडं सुमारे सहा आठवडे उबवलं जातं आणि तेवढा काळ हे गणित बिनचूक सांभाळावं लागतं. आजची शहामृगं उघड्या मैदानात जमिनीवर खळगा उकरतात. त्यात एकाहून जास्त माद्या अंडी घालतात. दिवसा करड्या-तपकिरी रंगाची मादी अंड्यांवर बसते, रात्री काळ्या पिसांचा नर. त्यामुळे दोघंही नजरेत भरत नाहीत. पाटण्याच्या शहामृगांचं अंडं याच घडणीचं होतं, तेव्हा त्यांचा संसारही असाच चालत असणार असं मानायला चांगला आधार आहे.

कवचाची आतली बाजू आणखी एक गुपित सांगते. अंड्यातल्या पिल्लाची हाडं वाढू लागली की त्याला कॅल्शियम हवं असतं, आणि पिल्लू ते कवचातूनच काढून घेतं. आतल्या शंकूंची टोकं हळूहळू झिजतात. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली शंकू धारदार दिसले तर अंडं ताजं असतानाच फुटलं किंवा फोडलं गेलं. बोथट, खाल्लेले दिसले तर आत पिल्लू बरंच वाढलं होतं. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या अंड्याच्या एका कपच्यावरून आत जीव किती वाढला होता हे कळावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तो पक्षी काय खात होता, हेही कवचात असतं. ज्वारी, बाजरी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं एका पद्धतीने हवेतला कार्बन पकडतात. कापूस, गहू, केळी आणि बहुतेक झाडंझुडपं दुसऱ्या पद्धतीने. या दोन गटांमध्ये जड कार्बन आणि हलका कार्बन यांचं प्रमाण वेगळं असतं. पक्षी जे खातो त्याची खूण त्याच्या रक्तात जाते आणि तिथून कवचात. ऑक्सिजनचंही असंच. शहामृगाला पाणी प्यायला मिळालं नाही तरी पानापाल्यातल्या ओलाव्यावर ते बराच काळ भागवतं. कोरड्या हवेत पानांतलं हलकं पाणी आधी उडून जातं, जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं आणि तेच प्रमाण कवचात उतरतं. म्हणजे शहामृगाचं कवच ही त्या एका हंगामातल्या हवेची नोंद असते.

तेव्हाची हवा कशी होती? शेवटचं हिमयुग ऐन भरात येत होतं. नैर्ऋत्य मान्सून दुबळा झाला होता. बर्फात पाणी अडकल्यामुळे जगभर समुद्र खाली गेला; हिमयुगाच्या कळसाला तर तो आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. खंबातचं आखात उथळ असल्यामुळे तिथे कोरडी जमीन होती आणि सुरतेला समुद्राला मिळणारी तापी तेव्हा त्या मैदानातून पुढे कितीतरी वाहत जात होती. खानदेशातही आजच्याहून कमी पाऊस, विरळ झाडी आणि लांबवर पसरलेलं गवत असणार. दुरून येणारा शत्रू दिसावा आणि पळायला मोकळी जागा असावी, एवढंच शहामृगाला हवं असतं. रावेर-यावलच्या आजच्या गर्द केळीबागांमध्ये त्याचं काही चाललं नसतं.

आता पळण्याबद्दल. जिवंत पक्ष्यांमध्ये शहामृग सगळ्यात मोठं, शंभर किलोच्या वर सहज जाणारं, आणि तरी ताशी ७० किलोमीटरपर्यंत धावू शकणारं. त्याच्या पायाकडे नीट पाहिलं तर आपला एक गैरसमज दूर होतो. पक्ष्याचा गुडघा मागे वाकतो असं आपण म्हणतो. तो गुडघा नसतोच, तो घोटा असतो. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला. म्हणजे पक्षी आयुष्यभर चवड्यांवर चालतो. शहामृगाच्या पायाचे मोठे स्नायू वर, मांडी आणि कमरेजवळ गोळा झालेत. खाली उरतात ती लांब हाडं आणि त्यांवरून ओढलेले स्नायुबंध. पाय हलका, म्हणून तो चटकन पुढे टाकता येतो. पाय जमिनीवर आदळला की हे बंध ताणलेल्या गलोलीच्या रबरासारखे शक्ती साठवतात आणि पाय उचलताना ती परत देतात. माणूस धावतो तेव्हा त्याच्याही टाचेमागच्या बंधात असंच होतं, पण शहामृगाच्या पायाला ही युक्ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त साधली आहे.

आणि बोटं! बहुतेक पक्ष्यांना चार बोटं असतात, एमूला तीन, शहामृगाला फक्त दोन. त्यातलं एक जाडजूड, मोठ्या नखाचं, जवळपास सगळा भार घेणारं. दुसरं लहान, तोल सांभाळण्यापुरतं. दोन बोटांचा पक्षी जगात हा एकच आहे. घोड्याच्या वंशात लाखो वर्षांत बोटं गळत जाऊन एक खूर उरला, तशीच वाट या पक्ष्याने स्वतंत्रपणे धरली. कठीण मैदान आणि वेगाची गरज समोर आली की एकमेकांशी संबंध नसलेले प्राणीही कसे सारख्या उत्तरापाशी पोचतात, हे या पायात दिसतं.

दोन पायांवर चालण्याची सवय मात्र फार जुनी, डायनोसॉरांकडून आलेली. पक्षी हे मांसाहारी, द्विपाद डायनोसॉरांच्याच कुळातले. राजासॉरस हा आपल्या नर्मदेच्या खोऱ्यातला शिकारी डायनोसॉर त्यांचा दूरचा नातलग. पण मला त्याहूनही मागे जायचं आहे, कारण पाटण्याच्या कवचाची खरी पूर्वपीठिका अंड्याच्या इतिहासात आहे.

माशांची आणि बेडकांची अंडी मऊ, पाण्यात घातलेली. पाणी आटलं की संपलं. पाठीचा कणा असलेले प्राणी जमिनीवर आले तरी अंडी घालायला बराच काळ त्यांना पाण्याकडे परतावंच लागे. अशा एका जुन्या प्राण्याची कवटी महाराष्ट्रातच मिळाली आहे. वर्धा खोऱ्यात मांगली नावाचं गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर त्या भागात दगड तपासत फिरत असत. तिथून मिळालेली कवटी १८५० च्या दशकात लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी तिचं वर्णन करून ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. हे तेच ओवेन, ज्यांनी डायनोसॉर हे नाव जगाला दिलं. ब्रॅकिऑप्स सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. रुंद, आखूड, चपटं डोकं आणि डोळे पुढच्या बाजूला. पाण्यात दबा धरून बसणारा हा उभयचर. त्याची अंडी पाण्यातलीच. नागपूरच्या ज्या कॉलेजला हिस्लॉप यांचं नाव आहे तिथून शिकून गेलेल्या कितीतरी जणांना हा प्राणी माहीतही नसेल, याची मला हळहळ वाटते.

ब्रॅकिऑप्सच्याही आधी, ३१ कोटी वर्षांच्या आसपास, दुसऱ्या एका शाखेने मोठं पाऊल टाकलं होतं. त्या शाखेतला हायलोनोमस नावाचा सरड्याएवढा प्राणी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, झाडांच्या पोकळ बुंध्यांत जीवाश्म होऊन सापडला. या शाखेच्या अंड्यात गर्भाभोवती पापुद्रे आले. एका पापुद्र्यात पाणी धरलेलं, त्यात गर्भ तरंगतो. दुसऱ्यात मळ साठतो. तिसरा श्वासाला मदत करतो. तळं अंड्याच्या आत आलं आणि प्राण्याला नदीकाठ सोडून डोंगरमाथ्यावर जाता आलं. सरडे, साप, कासवं, पक्षी आणि आपणही याच शाखेतले. आईच्या पोटात बाळाभोवती जे पाणी असतं ते त्याच जुन्या पापुद्र्यातलं.

कडक कवच मात्र लगेच आलं नाही. पूर्वी समज होता की सगळ्याच डायनोसॉरांची अंडी कडक होती. २०२० मध्ये मंगोलिया आणि अर्जेंटिनातल्या अंड्यांच्या अभ्यासातून दिसलं की सुरुवातीच्या डायनोसॉरांची अंडी कासवांच्या काही जातींसारखी मऊ, चामड्यासारख्या कवचाची होती. वेगवेगळ्या शाखांनी कडक कवच निदान तीनदा, स्वतंत्रपणे मिळवलं. त्यातल्या एका शाखेचा पुरावा खानदेशाच्या अगदी शेजारी आहे. शिरपूरहून सातपुडा ओलांडून नर्मदा पार केली की धार जिल्हा लागतो. तिथे बाग-कुक्षीच्या परिसरात टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, अवाढव्य, शाकाहारी डायनोसॉरांच्या घरट्यांची वसाहतच आहे. दिल्ली विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी २०२३ मध्ये तिथल्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध केली. तिथल्याच पाडल्या गावाजवळ त्यांना अंड्यात अंडं मिळालं होतं. कोंबडीच्या बाबतीत असं क्वचित घडतं: तयार अंडं बाहेर पडायच्या ऐवजी पुन्हा आत ढकललं जातं आणि त्याच्यावर दुसरं कवच चढतं. डायनोसॉरात हे पहिल्यांदाच दिसलं. म्हणजे त्यांची अंडं घडवण्याची आतली व्यवस्था पक्ष्यांच्या फार जवळ होती. खानदेशात मात्र त्या काळच्या थरांवर काळ्या पाषाणाचे जाड थर आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने सगळं झाकून टाकलं. धुळे-नंदुरबारकडच्या भिंतींसारख्या सरळ टेकड्या म्हणजे त्या उद्रेकात जमिनीच्या भेगांमध्ये गोठलेला लाव्हाच. म्हणून इथे कणाधारी प्राण्यांची गोष्ट आपल्याला वरच्या, नव्या गाळातच वाचायला मिळते.

शहामृग भारतात आलं कुठून? अनेक वर्षं एक देखणी कल्पना मांडली जात होती. दक्षिणेकडचा गोंडवन नावाचा महाखंड फुटला, त्याचे तुकडे दूर गेले आणि त्यांवर बसून न उडणाऱ्या पक्ष्यांचा एकच पूर्वज वेगवेगळीकडे पोचला. आफ्रिकेत शहामृग, ऑस्ट्रेलियात एमू, न्यूझीलंडमध्ये किवी. जनुकांनी ही कल्पना मोडीत काढली. किवीचा सगळ्यात जवळचा नातलग शेजारच्या ऑस्ट्रेलियातला एमू असायला हवा होता. २०१४ मध्ये निघाला तो मादागास्करचा, नामशेष झालेला हत्तीपक्षी. शिवाय याच कुळात दक्षिण अमेरिकेचा टिनामू बसतो आणि तो चक्क उडतो. अर्थ असा, की पूर्वज उडणारे होते. ते उडत दूरदूर पोचले आणि डायनोसॉर संपल्यावर जमिनीवर जागा मोकळी झाली तेव्हा ठिकठिकाणी, एकेकट्याने, उडणं सोडून मोठे झाले. शहामृगाची वाट वेगळी होती. आफ्रिकेत नामिबियात त्याचे सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळालेत. पुढे ते आशियात पसरलं. आपल्या शिवालिक टेकड्यांतूनही त्याची हाडं निघाली आहेत. भारतात ते चालत आलं, दोन बोटांच्या पायांवर.

पाटण्याच्या काळातलं शहामृग आफ्रिकेतल्या आजच्या शहामृगाचंच सोयरं होतं का, याचं उत्तर २०१७ मध्ये मिळालं. हैदराबादची पेशी व रेणवीय जीवशास्त्र संस्था, रुरकीची आयआयटी आणि त्यांचे सहकारी यांनी राजस्थान-मध्य प्रदेशातल्या, किमान २५,००० वर्षं जुन्या कवचांतून डीएनए मिळवला. तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर नासतो, तरीही कवचाच्या स्फटिकांच्या आत अडकलेला अंश टिकून राहिला. प्रथिनं तर त्याहून चिवट आहेत. टांझानियातल्या लेटोली इथल्या शहामृगाच्या कवचात ३८ लाख वर्षांपूर्वीच्या प्रथिनाचे तुकडे सापडले आहेत. स्फटिकाच्या पृष्ठभागाला ते घट्ट चिकटून बसले होते, म्हणून वाचले.

पाटण्याला या पक्ष्याची गाठ माणसाशी पडली. अंड्याचं बलक-पांढरं खाल्लं गेलं असेल, आणि कवचाचं सोनं झालं. तिथे त्या कवचाचे मणी मिळालेत. कलहारीतले सान लोक असे मणी अलीकडेपर्यंत करत आले आहेत, त्यामुळे रीत कळते. कवचाचा छोटा तुकडा तोडायचा, दगडी टोच्याने मधोमध भोक पाडायचं, मग असे तुकडे दोऱ्यात ओवून खरखरीत दगडावर घासत घासत गोल करायचे. एका माळेमागे किती दिवसांचं काम असेल!

आणि एक तुकडा कोरलेला आहे. समांतर रेषांच्या पट्ट्या आणि त्यांच्या आत एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषा. भारतात अशा 'नक्षीच्या' तुकड्यांचा एकेकाळी बराच बोलबाला झाला. ऑस्ट्रेलियातले रॉक-आर्टचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा बहुतेकांवरच्या रेषा माणसाने काढलेल्या नव्हत्याच. जमिनीत झाडाची बारीक मुळं कवचाला बिलगतात, त्यांतून पाझरणारं आम्ल कॅल्साइट खातं आणि चर पडतात. असे चर गोलसर तळाचे, वळणं घेत जाणारे असतात. दगडी पात्याने कोरलेली रेषा वेगळी, ठाम आणि हाताच्या जोराने खोल गेलेली. पाटण्याचा तुकडा या कसोटीला उतरला. तेव्हा भारतात माणसाने हेतूपूर्वक कोरलेल्या सर्वांत जुन्या वस्तूंमध्ये त्याचं नाव निःशंक घेता येतं. चाळीसगाव तालुक्यातल्या शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र असायला हवं.

पुढे हिमयुग ओसरलं, मान्सून जोर धरू लागला, माळांवर झाडी वाढली. माणसंही वाढली, आणि एक अंडं म्हणजे पुढच्या पिढीतला एक पक्षी. हवेने मारलं की माणसाने, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दोन्ही मिळून घडलं असं वाटतं. कारण अरबस्तानातलं शहामृग कोरड्या हवेत हजारो वर्षं टिकलं आणि बंदुका व मोटारी आल्यावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपलं.

पाटण्याचे तुकडे मिळाले ते नेमक्या जागी नेमकी नजर गेली म्हणून. गिरणा, तितूर, पांझरा, बुराई यांच्या काठांवर जुन्या पिवळ्या गाळाच्या दरडी दर पावसाळ्यात ढासळतात. तिथे कंकराच्या खड्यांत मळकट पांढरा किंवा पिवळसर, किंचित बाक असलेला, सगळीकडे सारख्या जाडीचा तुकडा दिसला तर थांबावं. नदीच्या शिंपल्याला आतून मोत्यासारखी झाक असते आणि त्याचे थर पापुद्र्यांसारखे सुटतात. गोगलगायीच्या शंखाला पीळ असतो. शहामृगाच्या कवचात यातलं काही नसतं. त्यावर टोचल्यासारखे खळगे असतात आणि मोडलेल्या कडेवर भिंगाने उभे स्फटिक दिसतात. असा तुकडा जागेवरून हलवू नये, कारण तो कोणत्या थरात होता यावरच त्याचं वय ठरतं. शेजारी नाणं ठेवून फोटो काढावा, जागा टिपून घ्यावी आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या माणसांना कळवावं.